श्रावणभाऊच्या तोंडाचा वास

रोहणा गावातल्या आमच्या बुद्धविहार समितीची मी सचिव. तीस वर्षं शाळेत बाई होते, अक्षर बरं आहे, म्हणून ठराव लिहायचं काम माझ्याकडेच. श्रावण गवंड्याचा ठरावही मीच लिहिला. आठवलं की आजही माझी मलाच किळस येते.

श्रावणभाऊ म्हणजे हाताचा चोख माणूस. विहाराचा ओटा त्यानेच बांधला. दर पौर्णिमेला पंचशील द्यायचा, म्हणजे नशा न करण्यासकट पाचही शीलं पुढे म्हणून सगळ्यांकडून वदवून घ्यायचा मान त्याचा, कारण आवाज खणखणीत आणि व्यसन म्हणाल तर सुपारीचंही नाही.

मग तीनेक वर्षांत तो बदलला. आवाज घोगरा झाला, चेहरा सुजला, बोलताना जीभ अडखळायला लागली. परांचीवर चढताना तोल जायचा. दुपारी विटांच्या ढिगाला टेकून झोपायचा. अंगात बळ नाही, थंडी वाजते, असं सांगायचा. एप्रिलच्या उन्हात स्वेटर घालून फिरणारा माणूस आम्ही रोज पाहिला आणि हसलो.

आमचा जिल्हा दारूबंदीचा. म्हणजे दारू सगळीकडे मिळते, दिसत कुठेच नाही, आणि लोक ती एकमेकांच्या तोंडात शोधत बसतात. सुजला म्हणजे पेतेच, असं अध्यक्ष बबनरावांनी जाहीर केलं. त्यांच्या घरी पाहुण्यांसाठी काय आणलं जातं ते मला ठाऊक आहे. वास तर येत नाही, असं कोणी म्हटलं की उत्तर तयार, विलायची खात असन. वास आला तरी दारुडा, नाही आला तरी दारुडा! ओकारी यावी अशी ही अक्कल. आणि मी त्यात नव्हते म्हणायची सोय नाही. जयभीम घालायच्या निमित्ताने मीही दोनदा त्याच्याजवळ जाऊन नाक ओढलं होतं.

त्याची बायको कमलाबाई रोज संध्याकाळी त्याला तोंड उघडायला लावायची. पन्नाशीचा बाप लग्नाच्या वयाच्या मुलीसमोर आ करून उभा राहायचा. हे तिनेच नंतर मला सांगितलं, माझ्याकडे न बघता.

शेवटी ठराव झाला. वर्तन संशयास्पद असल्याने पंचशील देण्याची जबाबदारी श्रावण यांच्याकडून काढून घेण्यात येत आहे, एकमताने मंजूर. तो मागे बसून ऐकत होता. "मी पेत नाई, बाई," एवढंच माझ्याकडे बघून म्हणाला. मी वहीतून डोकं वर काढलं नाही.

पुढे एकदा आर्वीला भर दुपारी रस्त्यात त्याचा झोक गेला. कोणीतरी पोलिसांना फोन केला. पोलीस त्याला तपासणीसाठी दवाखान्यात घेऊन गेले. तिथे गुंजन नावाची तरुण डॉक्टर होती. वास नाही हे तिला लगेच कळलं, पण ती तिथेच थांबली नाही. हा स्वेटर का घातलाय, असं तिने विचारलं. गळ्याखाली बोटांनी चाचपलं, टाचेच्या शिरेवर हातोडी मारली. पाऊल हललं, पण जागेवर यायला उशीर लागला. दारूच्या तपासणीसोबत तिने थायरॉईडसाठीही रक्त पाठवलं.

दारूचा थेंब निघाला नाही. त्याचं शरीर स्वतःच्याच गळ्यातल्या ग्रंथीला दुश्मन समजून कित्येक वर्षं पोखरत होतं, आणि ती ग्रंथी जवळजवळ बंद पडली होती. डॉक्टरने कमलाबाईला सांगितलं की हा काही दुर्मीळ रोग नाही. कितीतरी माणसं तो घेऊन वर्षानुवर्षं फिरतात, कोणी वयाला दोष देतं, कोणी आळसाला. बायकांचं रक्त कधीतरी तपासलं तरी जातं, पुरुषांच्या बाबतीत तर डोक्यातच येत नाही.

ते ऐकून मी गुपचूप वर्ध्याला जाऊन रक्त तपासून घेतलं. पाच वर्षं माझे केस गळत होते, पाय जड झाले होते, भर दिवसा झोप यायची. रिटायर झालं की असंच, म्हणून सोडून दिलं होतं. तोच रोग निघाला. हे मी फक्त कमलाबाईला सांगितलं. माझी सुस्ती दिसली की गाव म्हणायचं, बाई थकल्या, आणि बसायला खुर्ची द्यायचं. त्याला आम्ही ठराव दिला.

गोळ्यांनी चार महिन्यांत त्याची सूज उतरली, आवाज मोकळा झाला. ठराव रद्द करायची घाई सगळ्यात जास्त बबनरावांना. वैशाख पौर्णिमेच्या आधी आम्ही वही घेऊन त्याच्या घरी गेलो. बबनरावांनी रिपोर्ट वाचला आणि म्हणाले, आता कोनाले संशय नाई, पौर्णिमेले पंचशील द्याले येजो.

श्रावणभाऊने कागद परत घेऊन घडी घातली. "हा कागद तुमी एका मिनटात मानला. माही सारी जिनगी तुमच्यासमोर गेली, ते नाई मानली. उद्या कोनी सुजला अन् त्याच्यापाशी असा कागद नसन, तं त्यानं काय दाखवाव?"

पंचशील दुसऱ्या कोणी द्यावं, आपण सगळ्यांसोबत खाली बसून ते घेऊ, असं श्रावणभाऊने शांतपणे सांगितलं. मग तो माझ्याकडे वळला.

"बाई, तुमालेबी गोळी सुरू झाली म्हंते. सकाळी उपाशीपोटी घेत जा, चहा तासाभरानं. आता बरं वाट्टे काय?"

हे त्याने मला विचारलं. तीन वर्षांत मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं.