बाँडवरची फारकत

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, हे आमचे चुलते इतक्या तोऱ्यात सांगत की कोर्ट यांनाच विचारून बांधलंय असं वाटावं. माझ्या धाकट्या बहिणीचं कंधारकडच्या सासरी पटेना, तेव्हा बैठक यांनीच बसवली. दोन्हीकडची चार शहाणी माणसं, चहा, तंबाखू, आणि तासाभरात फारकत. शंभराच्या बाँडवर.

बाँड लिहिणारा तोच, जो आमच्याकडे शेताची हक्कसोडपत्रं लिहितो. बहिणींनी बापाच्या जमिनीवरचा हक्क सोडायचा आणि भावांनी साडीचोळी करून पाठवणी करायची, ही आमची थोर परंपरा. त्या महाभागानं तोच मजकूर उचलला आणि शेताच्या जागी माझी दोन वर्षांची भाची घातली. सदर मुलीवर आईचा यापुढे कसलाही हक्क राहणार नाही, असं. बहिणीनं जमिनीच्या कागदावर केली होती तशीच, न वाचता, सही केली. तिच्याखाली साक्षीदार म्हणून मी. मी लातूरला क्लासमध्ये शिकवतो, म्हणजे घरातला शिकलेला.

दुसऱ्याच दिवशी जावई पोरगी घेऊन गेला आणि वर्षाच्या आत दुसरं लग्न करून मोकळा झाला. बहीण कोर्टात गेली. खालच्या कोर्टानं बाँड बघून सांगितलं, आईनंच सोडलीय. वर अपिलात मात्र त्या कागदाची लक्तरं निघाली. बाँडवर काडीमोड होत नाही, आणि लेकरू म्हणजे काही सातबारा नव्हे, कुणी लिहून दिलं म्हणून हक्क सुटायला; निकालाचा अर्थ वकिलानं आम्हाला असा समजावला. पोरगी आईला मिळाली. तोवर ती पाच वर्षांची झाली होती आणि आईला ओळखत नव्हती.

पुढच्या आठवड्यात चुलते हार घेऊन हजर. आपली बाजू पहिल्यापासून खरी होती, आपण तेव्हाच म्हणालो होतो, असं सगळ्यांना सांगत बसले. लाज कशाशी खातात हे या माणसाला कधी कळलंच नाही. बहिणीनं चहा दिला. ते गेल्यावर कप विसळता विसळता मला म्हणाली, "दादा, म्या तर वाचला न्हाई तो कागद. तू तरी वाचला व्हता का?"

वाचला होता. सही करताना तिची पोरगी माझ्याच मांडीवर बसली होती.