सेकंडहँड गाडी आणि खोब्रागडे सर

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. तीन मास्तर रोज एका छोट्या गाडीतून जायला-यायला लागले, की ते सीटखालच्या भुईमुगाच्या फल्लीच्या टरफलांसारखे आपोआप साचतात. झाडू मारला की मूठभर निघतातच!

गाडी म्हणजे मी घेतलेली जुनी, निळी हॅचबॅक. मी राहते भंडाऱ्याजवळच्या शहापूरला आणि शाळा दिघोरीच्या पुढच्या एका लहान गावात. एसटीच्या आणि शाळेच्या वेळा काही केल्या जुळेनात, म्हणून गाडी घेतली. मिस्टर जवाहरनगरला फॅक्टरीच्या बसने ड्युटीला जातात. मग चालवणार कोण? मीच! लायसन्स होतं, धाडस नव्हतं.

शेजारच्या सीटवर खोब्रागडे सर. गणिताचे, रिटायरमेंटला टेकलेले आणि माझ्याहून भित्रे. मागे माधुरी मॅडम. नोकरीत नवीन आणि कशालाच न भिणारी पोरगी.

फार खर्च करायची ऐपत नव्हती. म्हणून गाडीला जे काही नवं लावलं ते सगळं स्वस्तातलं, आणि प्रत्येक वस्तू कुठल्या ना कुठल्या भीतीपोटी. भंडाऱ्यात ज्यांच्या दुकानातून सामान घ्यायचे ते इरफानभाई एकदा म्हणालेच, "मॅडम, लोग शौक के लिए लगवाते हैं, आप डर के लिए!"

*

पहिलं काम लावायचं नव्हतं, काढायचं होतं. आधीच्या मालकाने मागच्या काचेवर हे एवढ्या मोठ्या अक्षरांत 'गुड्डू' असं स्टिकर लावलं होतं. इरफानभाईंनी गरम हवा मारून ते सोलून काढलं. पण गोंद राहिला. रस्त्यावरची धूळ बरोबर त्या गोंदावर बसायची आणि आठवड्याभरात गुड्डू परत हजर!

एकदा लाखनीजवळ मोटारसायकलवाला गाडीला आडवा आला. थांबा म्हणून हात केला. काहीतरी ठोकलं आपण, ह्याचीच मला खात्री झाली.

तो खिडकीशी वाकला. "गुड्डूभाऊ कुठी हाय?"

"कोण गुड्डूभाऊ?"

त्याने गाडी पुढून-मागून निरखली, मला निरखलं आणि मग शेजारी बसलेल्या सरांकडे संशयाने बघितलं. "गाडी तं गुड्डूचीच हाय. तुम्ही कोण बापा?"

रोज सकाळ-संध्याकाळ माझ्या शेजारी बसणारे सर ताडकन म्हणाले, "मले काही मालूम नाही! म्या लिफ्ट घेतली आहे!"

*

मग सरांनीच सुचवलं, की गाडीला शिकाऊंचा लाल 'एल' लावा. म्हणजे लोक समजून घेतील, लांबून जातील. मी एक पुढे, एक मागे असे दोन लावले.

लांबून कोण जातं! ट्रकवाले उलट जवळ येऊन बघायला लागले, की चालवतंय कोण.

एका गुरुवारी बाजाराचा दिवस होता. रस्त्याच्या कडेला डोक्यावर टोपली घेतलेल्या एका आजीबाईंनी हात दाखवला. मी हळूहळू थांबवली. त्या काळी मी थांबायचं ठरवल्यापासून गाडी थांबेपर्यंत बराच वेळ जायचा, त्यामुळे आजीबाई धावतच आल्या. समोरचा लाल 'एल' बोट लावून बघितला.

"माह्या नातीनं सांगतलं, एल म्हणजे लेडीज. ही लेडीजची गाडी व्हय ना?"

"बसा ना आजी," माधुरी हसत म्हणाली.

आजीबाईंनी आत डोकावलं. सरांवर नजर गेली आणि त्या भडकल्याच. "मंग या बुढ्याले काहून बसवलं?"

सर खरोखर उतरायला निघाले होते! मी दुसऱ्या दिवशी दोन्ही 'एल' काढून टाकले.

*

हा पुढचा किस्सा सांगताना मला अजून हसू येत नाही. बाकीचे हसतात.

गाडीतलं खालचं जुनं रबरी मॅट फाटलं होतं. भर उन्हाळ्यात बाजारातून एक स्वस्तातलं, मऊ, लाल मॅट आणलं. दिसायला झकास! ते पायाखाली सरकतं, हे लक्षात आलं होतं. पण एवढं काय मनावर घ्यायचं, असं वाटलं.

गावाच्या आधी एक उतार आहे. तिथे समोरून शेळ्यांचा कळप आला. मी ब्रेक दाबला. ब्रेक अर्ध्यावर जाऊन अडकला! मॅट गोळा होऊन पेडलखाली गेलं होतं. मी दाबतेय, गाडी सरकतेय. शेळ्या मोठ्या होत चालल्या. माधुरी मागून ओरडली, "हँडब्रेक! मॅडम, हँडब्रेक!"

मी तो जीव खाऊन ओढला. गाडी कर्रकन आवाज करून थांबली. सगळ्यात पुढची शेळी बंपरला नाक लावून उभी. शेळ्यांचा मालक काठी घेऊन आला, पण माझा चेहरा बघून परत गेला.

सरांनी दोन्ही पाय पूर्ण ताणून समोर रोवले होते. रोजच ते असे माझ्याबरोबर खाली दाबत बसायचे, आपल्या बाजूला नसलेलं पेडल. हळूच त्यांनी पाय सैल केले, घाम पुसला आणि म्हणाले, "मॅडम, माह्याकडचा ब्रेक लागला बरं!"

त्याच संध्याकाळी खाली हुकात अडकणारं मॅट बसवून घेतलं. त्यानंतर रोज निघायच्या आधी मी वाकून एकदा ते ओढून बघते. सरही बघतात. त्यांच्या बाजूचं!

*

रिव्हर्स घेण्याची मला सगळ्यात जास्त धास्ती. इरफानभाई म्हणाले, "पार्किंग सेन्सर लगा लो मॅडम. पीछे कुछ भी होगा, चिल्लाएगा." लावला. मागे झाड आलं, बैल आला, की टीं टीं टीं. मला देवमाणूस भेटल्यासारखं झालं.

एका शनिवारी शाळा सुटल्यावर माधुरीला ताजे मासे घ्यायचे होते. तिच्या माहेरचा तोच धंदा, त्यामुळे बाजारातला मासा तिला चालत नाही. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, गाडी नेली. वाट अरुंद, वळवायला जागा नाही. मासे घेतले आणि मी रिव्हर्स टाकला. सेन्सर चूप. अजून थोडं मागे घेतलं. चूप. पहिल्यांदाच इतक्या आत्मविश्वासाने गाडी मागे चालली होती.

तलावात कमरेएवढ्या पाण्यात जाळं घेऊन उभा असलेला माणूस अचानक हात हलवायला लागला. "अवो मॅडम! अवो, थांबा!"

मी खिडकीतून ओरडले, "काय झालं? सेन्सर तर वाजून नाही राहिला! मागे काहीच नाही!"

तो दुप्पट जोरात ओरडला, "काहीच नाही, म्हणूनच तं बोंबलून राहिलो!"

उतरून बघितलं. मागचं चाक पाळीच्या काठावर, आणि त्यामागे नुसता तलाव! मग गावातल्या चार जणांनी गाडी पुढे ढकलून दिली. मी त्यांना नुसतं "हळू, हळू" म्हणत होते. त्या दिवसापासून रिव्हर्स टाकायच्या आधी मी खाली उतरून मागे बघून येते. सेन्सर वाजो की न वाजो.

*

मूळचा हॉर्न म्हणजे नुसतं 'पीं'. हायवेवर कुणी ऐकायचं नाही, आणि न ऐकता कुणी अंगावर आलं तर? म्हणून स्वस्तातला जोडहॉर्न बसवला. रोज संध्याकाळी शाळा सुटली की माधुरीला बोलवायला गेटवर एकदा वाजवायचे.

एकदा केंद्रप्रमुख साहेब शाळा तपासायला येणार होते. हेडसर म्हणाले, "मॅडम, तुमची गाडी बाजूले घ्या. साहेबाची गाडी सावलीत लागली पाहिजे." मी घाईत गाडी काढताना हॉर्नला हात लागला आणि हॉर्न अडकला! भोंऽऽऽ! चावी काढली, तरी भोंऽऽऽ! हेडसर धावले, सर धावले, माधुरी धावली. बोनेट उघडून सगळ्यांनी डोकी आत घातली. कोणती वायर ओढायची? सर म्हणाले, "लाल ओढू नका, शॉक लागते." हेडसर म्हणाले, "काळी ओढू नका, गाडी बंद पडते." शेवटी माधुरीने दोन्ही ओढल्या.

शांतता झाली. फारच शांतता! वळून बघितलं तर शाळा रिकामी. मॅडमचा हॉर्न वाजला म्हणजे सुट्टी झाली! सगळी पोरं दप्तरं घेऊन धानाच्या बांध्यांमधून आपापल्या घरी चालली होती. आणि समोरून साहेबांची गाडी वळत होती.

साहेब उतरले. एकेका वर्गात डोकावले. "आज हजर किती आहेत?"

हेडसर पुढे आले. हात जोडून म्हणाले, "साहेब, खिचडी गरम आहे. वाढू का?"

*

थंडीत आमच्याकडे सकाळी पिठाच्या गिरणीत शिरल्यासारखं धुकं असतं, आणि शनिवारी शाळा सकाळची. म्हणून मी पिवळे फॉग लॅम्प बसवले. त्याच वेळी हौसेने नवे पांढरे सीट कव्हरही घातले. पूर्ण गाडीत भीतीपोटी न केलेलं तेवढं एकच काम!

पहिल्याच शनिवारी निघालो. जंगलाच्या पट्ट्यातून जाताना पिवळ्या उजेडात रस्त्यावर काहीतरी बसलेलं दिसलं. मला वाटलं, गाय. मी हळू केलं. त्याने मान वळवली.

वाघ होता.

मी थांबले. इंजिन सुरू, पाय ब्रेकवर. मागून माधुरीने माझी सीट घट्ट धरली. सर पुटपुटले, "काच वर घ्या." काच वरच होती. वाघ बसलेलाच. आम्हीही.

आणि तेवढ्यात डावीकडच्या शेताच्या वाटेवरून एक म्हातारबाबा सायकल ढकलत रस्त्याकडे येताना दिसले. कानाला मफलर, कॅरिअरवर वांग्यांचं पोतं, नजर खाली. ते आमच्या गाडीपुढून सरळ रस्त्यावर चढणार होते. हॉर्न द्यावा तर वाघ बिथरेल, ओरडावं तरी तेच.

कट्ट! दार उघडल्याचा आवाज आला. मी बाजूला बघितलं तर सीट रिकामी!

खोब्रागडे सर खाली उतरून, वाकून, चपला न वाजवता चालले होते. त्यांनी बाबांचा दंड धरला आणि समोर बोट दाखवलं. बाबांच्या हातातली सायकल हळूच गवतात कलंडली. सर त्यांना ओढत दारापर्यंत घेऊन आले.

दारात बाबा अडले. आत बघितलं, मग स्वतःच्या पायांकडे बघितलं. कुजबुजले, "नाही जी. पाय चिखलाचे हायेत. नव्या सीटा खराब होतीन."

"बाबा, बसा!" मी रडकुंडीला येऊन म्हणाले.

"म्या उभाच राहतो न बाई."

सरांनी त्यांना सरळ आत लोटलं, स्वतः त्यांच्या मांडीवर बसले आणि दार लावून घेतलं. वाघ उठला. आळस दिला. आमच्याकडे एकदा बघितलं आणि सावकाश उजवीकडच्या झुडपात निघून गेला.

चार जणांच्या श्वासाने गाडीच्या काचा आतून पांढऱ्या झाल्या. शेवटी माधुरी मागून पुढे वाकली.

"सर, तुम्ही खाली उतरले? तुम्हाले भेव नाही वाटला?"

बाबांच्या मांडीवर बसलेल्या सरांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. "अवो बाई, रोज या गाडीत बसतो मी!"