पट्ट्याचा आवाज

आमच्या घरात पट्टा म्हटलं की कमरेचा कुणाला आठवत नसे. पट्टा म्हणजे मळणी यंत्राचा. जालन्याकडच्या टेंभुर्णीत आमचं यंत्र होतं आणि ज्वारीच्या हंगामात ते आसपासच्या गावांतल्या खळ्यांवर फिरायचं. वडील, म्हणजे आबा, आणि त्यांचे धाकटे भाऊ, माझे काका, असे दोघं मिळून ते चालवायचे. ट्रॅक्टरपासून यंत्रापर्यंत लांबलचक पट्टा जायचा. तो चढवला की आबा त्याच्यावर तळहाताची थाप मारून कान द्यायचे. टण् असा आवाज आला तर काम सुरू. भद्द वाजला तर ट्रॅक्टर अजून थोडा मागे घ्यायचा, पट्टा निसटू नये म्हणून राळेची भुकटी टाकायची आणि पुन्हा थाप मारायची.

हे थापेचं खूळ आधीपासून नव्हतं. मी शाळेत असताना एका संध्याकाळी पट्टा सैल पडला होता आणि आबा म्हणाले होते, "एवढं खळं उरकू, मंग ताणू." पट्टा चाकावरून उडाला आणि काकांच्या तोंडावर बसला. त्यांचा डावा डोळा गेला. काकांनी त्याबद्दल आबांना पुढे आयुष्यभर एक शब्द ऐकवला नाही. लोक त्यांचं कौतुक करतात. मला विचाराल तर तिथंच चुकलं. एकदा कडाकडा भांडले असते तर आबा मोकळे झाले असते.

त्या दिवसापासून आमच्या घरात सैल असं काही राहिलं नाही. कपड्यांची तार अशी ताणलेली की ओलं लुगडं टाकलं तरी वाकायची नाही. बाजेची दोरी आबा दर महिन्याला ओढून घ्यायचे. तिच्यावर झोपलं की पाटावर झोपल्यासारखं वाटायचं. आई म्हणायची, "मलाच तेवढं खुंटीला बांधून ताणलं न्हाई या माणसानं." आबा हसायचे. तेव्हा हसत होते.

नवं शतक लागून दोन-तीन वर्षं झाली असतील, आईला गर्भाशयाचा कॅन्सर निघाला. औरंगाबादच्या दवाखान्यात शेक, म्हणजे रेडिएशन, द्यायचे ठरले. डॉक्टरांनी एकच गोष्ट बजावली होती, की मध्ये खंड पडू द्यायचा नाही. आईने तिथं खोली करून राहायला साफ नकार दिला. रात्री पाठ आपल्याच बाजेवर टेकली पाहिजे, हा तिचा हट्ट. मग मी सासरहून आले आणि रविवार सोडून रोजची वारी सुरू झाली. पहाटे निघायचं, जालन्यावरून औरंगाबाद, शेक घ्यायचा, दिवस मावळायच्या आत घरी. आमची जुनी, चौकोनी तोंडाची मोठी डिझेल गाडी होती. आबा चालवायचे. मागच्या सीटवर गादी टाकून आई आडवी व्हायची आणि मी तिचं डोकं मांडीवर घ्यायची. येताना तिला उलट्या व्हायच्या. कातडी भाजल्यासारखी काळी पडली होती. रस्त्यात खड्डा आला की ती तोंडात पदर धरायची, आबांना कण्हणं ऐकू जाऊ नये म्हणून.

तिला हे सगळं नको होतं. पहिल्या आठवड्यातच ती मला म्हणाली होती, "बस झालं, माय." पण आबांपुढे तिने शब्द दिला होता, की डॉक्टर सांगतील तेवढे सगळे शेक घेईन. त्या शब्दावर आबा जगत होते. जेवायला बसले तरी शेकांचाच विषय.

निम्म्याहून जास्त शेक झाल्यावर एका शनिवारी परत येताना गाडीच्या तोंडातून चीं चीं असा आवाज यायला लागला. जालन्यात आबांनी बॉनेट उघडलं. इंजिनाचा पट्टा, ज्याच्यावर पंखा, पाण्याचा पंप आणि डायनामो फिरतात, तो आतून तडकला होता. कडेचे दोरे लोंबत होते. तिथला मिस्तरी म्हणाला, गाडी सोमवारी टाका, संध्याकाळी घेऊन जा. सोमवारी म्हणजे एक शेक बुडणार. आबांनी जालन्यातल्याच मस्तगड भागातल्या एका दुकानातून नवा पट्टा घेतला आणि म्हणाले, "घरी बसवतो. पट्ट्यातच जिंदगी गेली माझी."

रविवारी सकाळी अंगणात लिंबाखाली गाडी उभी केली. मी पाने हातात देत होते. काका खाटेवर बसून एका डोळ्याने बघत होते. आई ओसरीवर उशीला टेकून होती, तीही बघत होती. आबांनी डायनामोचे नट ढिले केले, तो आत ढकलला, तसा जुना पट्टा सैल पडला. पंख्याच्या एकेका पात्यावरून तो काढला आणि नवा त्याच वाटेने आत घातला. इथपर्यंत काम अगदी नीट झालं. मग त्यांनी पहार मागितली.

पहार डायनामोच्या मागे घालून त्यांनी तो बाहेर रेटला आणि मला नट आवळायला सांगितलं. पट्ट्यावर बोट मारलं. भद्द. पुन्हा रेटलं. पुन्हा बोट.

काका म्हणाले, "दादा, लई ताणू नको. गाडी हाय ही, मळणी यंत्र न्हाई."

आबांनी मान वर केली नाही. "तू नको सांगू मला. सैल पट्टा काय करतो ते तुलाच दाखवायला पायजे का आता?"

आबांनी पहारीवर सगळं अंग टाकलं. माझ्या हातातला पाना घसरून बोटं सोलली. शेवटी पट्ट्याने आवाज दिला, टण्, थेट खळ्यावरच्यासारखा. आबांचा चेहरा उजळला. त्या महिन्यांत मी तो एवढाच उजळलेला पाहिला. ओसरीकडे बघून ते म्हणाले, "ऐकलं का? आता एक बी शेक चुकत न्हाई." आई म्हणाली, "ऐकलं."

सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी जालना सोडलं आणि गाडीच्या पोटातून घरघर सुरू झाली. जात्यात खडा यावा तशी. आबांनी काच वर केली. मी म्हटलं, "आबा, थांबून बघा की." ते म्हणाले, "पोचू. जल्दी पोचू." बदनापूरच्या अलीकडे काहीतरी कडकन मोडलं, पट्टा तुटून बॉनेटवर आदळला आणि पुढून वाफेचा लोट उठला. त्या आवाजासरशी आबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. गाडी चालू होती तरी. मीच ओरडले तेव्हा त्यांनी ब्रेक मारला.

उन्हाळा होता. रस्त्याकडेला एक काटेरी बाभूळ, तिची सावली जेमतेम एका माणसापुरती. गादी उतरवून आईला तिथं निजवलं. आबा रस्त्यात उभे राहून जाणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करत होते. एक जीप थांबली, ती भरलेली होती. एसटी थांबली नाही. शेवटी एका टेम्पोवाल्याने बदनापुरातून मिस्तरी पाठवला. त्याने पंप हाताने हलवला, तो सैल दातासारखा लागला हलायला.

"बेरिंग गेलं पाण्याच्या पंपाचं. पट्टा लईच ताणलेला व्हता. कोणी बसवला?"

"मी," आबा म्हणाले.

"अंगठ्यानं दाबला तर जरा दबला पायजे, मालक. एवढ्या ताणानं पंप टिकत असतो व्हय?"

मला त्या मिस्तरीचा राग आला, आबांचाही आला, डोळा घालवून गप्प बसलेल्या काकांचाही आला. देवाचा तर होताच. औरंगाबादेत आईची वेळ केव्हाच टळून गेली होती.

तेवढ्यात आईने बाभळीखालून हाक मारली. "अहो, इकडं या." आबा तिच्यापाशी उकिडवे बसले. ती म्हणाली, "घरी चला. आता मला तिकडं नेऊ नका."

"उद्या जाऊ. दुसरी गाडी करतो. डॉक्टरांच्या पाया पडतो."

"गाडी बिघडली म्हणून नको म्हणत न्हाई मी. मी कवाची थकले. तुमच्या तोंडाकडं बघून जात व्हते. आज गाडी थांबली तर मला बोलायला झालं, एवढंच."

आबांनी मान डोलावली. पण त्यांनी त्यातलं एक अक्षर मानलं नाही, हे मला तिथंच कळलं. त्यांच्या हिशेबी आता त्यांच्या हातून दोन माणसांचा घात झाला होता, एक सैल पट्ट्याने आणि एक ताणलेल्याने.

आई पुन्हा औरंगाबादला गेली नाही. मी हात जोडले, काकांनी समजावलं, ती हलली नाही. पावसाळाभर ती घरीच होती. गाडी दुरुस्त होऊन आली तरी लिंबाखाली उभीच राहिली. आबा तिच्या जवळूनही जात नसत. यंत्र दुसऱ्याला चालवायला दिलं. कपड्यांची तार लोंबायला लागली, माझ्या साड्यांचे काठ चिखलात बुडाले, तरी त्यांनी तिला हात लावला नाही. मी ती ताणायला गेले तर म्हणाले, "राहू दे." त्या दोन शब्दांनी मला रडू आलं.

आईची बाजही सैल पडत गेली. ती एवढीशी झाली होती, तरी मधोमध खड्डा पडून तिची पाठ भरून यायची. श्रावणात एका दुपारी तिने आबांना बोलावलं.

"पायथ्याची दोरी ओढा जरा. पाठ टेकंना."

आबा पायथ्याशी बसले. दोरी सोडली, एकेक पेड ओढत आणला. मग थांबले आणि दोरी अंगठ्याने दाबून बघितली. दबली.

"बराबर हाय," ते म्हणाले.

"न्हाई. अजून ओढा."

"तुटंल."

"तुटत न्हाई. तुमचा हात काय मला नवा हाय का? ओढा."

आबांनी पाय लाकडाला लावला आणि ओढली. हळूहळू आई खड्ड्यातून वर आली, तिची पाठ सरळ झाली, तिने डोळे मिटून सुस्कारा सोडला. आबांनी गाठ मारली. सवयीने त्यांचा हात दोरीवर थाप मारायला वर गेला आणि तिथंच थांबला. थोडा वेळ तो तसाच हवेत राहिला. मग त्यांनी तो मांडीवर ठेवला.

आईने बाजेच्या कडेने हात खाली सोडला. बोट दोरीपर्यंत पोचायला तिला वेळ लागला. तिने दोरी वाजवली.

"आला बघा आवाज," ती म्हणाली.

आबांनी बाजेच्या लाकडावर कपाळ टेकलं आणि ते मोठ्याने रडले. ओसरीवरून काका उठून आले, त्यांच्या शेजारी खाली बसले आणि पहिल्यांदाच म्हणाले, "त्या दिवशी खळ्यावर मीच म्हणायला पायजे व्हतं दादा, आधी पट्टा ताण म्हणून. मला बी घरी जायची घाई व्हती."