जाधव सरांची संत्री

मॉलमधल्या स्केटिंग रिंकवरचा बर्फ रोज खरवडून सपाट करावा लागतो. निघालेला चुरा मॉलच्या मागच्या दाराबाहेर टाकतात, आणि ऐन मे महिन्यात तिथे छोटासा पांढरा डोंगर उभा राहतो. गार्ड लोक त्यात पाण्याच्या बाटल्या खुपसून गार करतात. आमचे किस्सेही असेच साचलेत. वितळायच्या आत सांगून टाकते!

मी ज्युनियर आइस हॉकी टीमसाठी मुलं हेरते. म्हणजे दिल्ली, फरीदाबाद, गुडगाव पालथं घालायचं, चाकांच्या स्केट्सवर कोण भन्नाट पळतं ते बघायचं आणि त्याला बर्फावर आणायचं. आमचे कोच जाधव सर. मूळचे साताऱ्याचे, फौजेतले निवृत्त सुभेदार. लेहच्या पोस्टिंगमध्ये गोठलेल्या तळ्यावर हा खेळ शिकले आणि कायमचे बिघडले.

आमच्याकडे सगळे होते, गोलकीपर तेवढा नव्हता. आणि गोलकीपर नाही तर ज्युनियर लीगमध्ये एंट्री नाही. मला तर रात्री झोप लागेना. या देशात आइस हॉकी रुजायला हवी, आणि ती याच वर्षी रुजायला हवी, असं माझं स्पष्ट मत होतं!

* * *

आमच्या घरी, आर. के. पुरमला, माझ्या नोकरीबद्दल बोलायचं काम बाबांकडे. शेजारचे शर्माजी जिन्यात भेटले की विचारायचे, "बेटी आजकल क्या कर रही है?"

"आइस हॉकी."

"अच्छा! लेकिन दिल्ली में बर्फ कहाँ है?"

बाबा मंत्रालयात इतकी वर्षं काढलेला माणूस. शांतपणे म्हणाले, "फ्रिज में."

तेव्हापासून शर्माजी मला अतिशय सहानुभूतीने नमस्कार करतात.

* * *

आम्हाला बर्फ मिळतो तो मॉल उघडायच्या आधी, भल्या सकाळी. दारावरचा गार्ड सुरुवातीला रोज अडवायचा. "मॅडम, ये डंडे अंदर नहीं जाएँगे." रोज समजावायचं. रोज तो कुणाला तरी फोन करायचा. रोज आमची दहा मिनिटं वाया!

एकदा सर घाईत रिकाम्या हातांनी आले. गार्डने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"डंडा कहाँ है?"

"आज नहीं लाया."

"तो फिर इतनी सुबह आए किसलिए?" आणि खरंच आत सोडलं नाही!

* * *

फरीदाबादच्या एका सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगमध्ये मुलं चाकांवर हॉकी खेळतात. तिथे मला अर्णव सापडला. काय वेग! मी तिथूनच सरांना फोन लावला. "सर, वीज आहे वीज!"

"थांबतो का?" सरांनी विचारलं.

मला प्रश्नच कळला नाही. वेगाबद्दल सांगतेय आणि हे थांबण्याचं विचारतायत! दुसऱ्या दिवशी अर्णवला रिंकवर आणलं. तो सुटला. सगळ्यांना मागे टाकलं, आणि मग मला आठवलं की पार्किंगमध्ये तो प्रत्येक वेळी खांबाला मिठी मारून थांबत होता. रिंकला खांब नाहीत. कडेचं फाटक उघडं होतं. अर्णव त्यातून बाहेर, रबरी मॅटवर आडवा, आणि घसरत थेट बूट ठेवायच्या काउंटरखाली!

मी तरी विचारलंच. "सर, सिलेक्ट?"

"आधी परत तर आण त्याला."

(सिलेक्ट झाला. आता थांबतो.)

* * *

गोलकीपर निवडायची सरांची एकच चाचणी. खिशात संत्रं. मुलाशी गप्पा मारता मारता ते अचानक त्याच्या अंगावर टाकायचं. झेललं तर चांगलं, पण ते महत्त्वाचं नाही. डोळे मिटले की नापास!

सगळे नापास होत होते. एकाचे डोळे मिटले नाहीत, मी आनंदाने ओरडलेच, तर त्याच्या वडिलांनी पाणी फिरवलं. "गोलकीपर? इतनी दूर से आकर मेरा बेटा एक जगह खड़ा रहेगा? खड़ा तो वो स्कूल में भी रहता है, क्लास के बाहर!"

एंट्रीची मुदत जवळ येत चालली. सरांच्या घरी संत्र्यांच्या साली वाळत पडलेल्या. मी म्हटलं, "सर, नियम जरा सैल करा."

"पक म्हणजे रबराची टणक चकती," सर म्हणाले. "ती डोळे मिटलेल्यांसाठी सैल होत नाही."

* * *

मराठी मंडळाचा मुलांच्या खेळांचा दिवस होता, आमच्याच कॉलनीच्या मैदानात. सर खिसा फुगवून हजर. मानेसरहून एक बाई मुलीला घेऊन आल्या होत्या. बाई गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात कामाला, मूळच्या सोलापूरकडच्या. मुलगी अश्विनी, आठवीतली.

सरांनी संत्रं टाकलं. ते तिच्या कपाळाला लागलं. पापणीसुद्धा हलली नाही! तिने ते खाली वाकून उचललं आणि विचारलं, "काका, सोलून देऊ का?"

"अहो, पोरीवर संत्री काय फेकताय?" आई धावत आली.

मी मुलीला विचारलं, "अगं, घाबरली नाहीस?"

"त्यात काय, ताई! रोज शेअर ऑटोच्या रेटारेटीत आईसाठी जागा मीच धरते. मानेसरला या एकदा सकाळी!"

स्केटिंग? कधी पाहिलंही नव्हतं. अश्विनी पडत पडत शिकली. आईने मात्र बजावलं होतं, "एक मॅच मी डोळ्यांनी बघणार. नाही पटलं, तर त्याच दिवशी बंद."

* * *

लीगची पहिली मॅच. अश्विनीची आई शिफ्ट संपवून परस्पर येणार होती. अश्विनीने पहिल्या रांगेत एका खुर्चीवर आपली ओढणी पसरून ठेवली आणि गोलमध्ये जाऊन उभी राहिली. मॅच संपत आली तरी खुर्ची रिकामीच.

आम्ही एका गोलने पुढे होतो. शेवटच्या क्षणी समोरची सगळी टीम आमच्या गोलवर तुटून पडली. अश्विनीने पकवर अंग टाकलं. तिच्यावर एक पोरगा पडला, त्याच्यावर दुसरा, मग आमचा अर्णवही. खाली ती दिसेनाशीच झाली. रेफरीची शिट्टी वाजली, तरी कुणी हटेना. पक अजून सुटेल या आशेने स्टिका खुपसणं चालूच. सर बर्फावर धावले.

तेवढ्यात मागून आवाज आला. गळ्यात कारखान्याचं ओळखपत्र, धापा टाकत, आई थेट कठड्याला येऊन भिडली होती.

"ए! उठो सब उधर से!" ती दोन्ही हातांनी कठडा बडवत होती. "वो जगह मेरी लड़की ने पकड़ी है!"