दात येण्याआधीचा आरसा

"मी बघत राहिले तरच हा श्वास घेतो," जयमाला एकदा म्हणाली होती.

तेव्हा ईश्वरीचे हात तिच्या मानेवर होते. फिजिओथेरपीच्या टेबलावर पालथं पडलं की माणसं बरंच काही बोलून जातात, तोंड दाखवावं लागत नाही म्हणून. उलव्यातल्या त्या तळमजल्याच्या गाळ्यात अंगावर पाजणाऱ्या बायका नेहमीच येत. ईश्वरी त्यांना शिकवी: पाठ टेका, पायाखाली पाट घ्या, मांडीवर उशी ठेवा, बाळाला वर घ्या, तुम्ही खाली वाकू नका. बायका शिकत, बऱ्या होत, यायच्या बंद होत.

जयमाला येतच राहिली. उशी घेई, पाटही घेई. पण तिचा तान्हा केयूर प्यायला लागला की तिची मान हळूहळू खाली जाई आणि तिथेच राही. तिची पहिली मुलगी अशीच पिता पिता मांडीवर गेली होती. त्या वेळी जयमाला खिडकीबाहेर बघत होती, विमानतळाच्या भिंतीकडे. त्या भिंतीच्या जागी पूर्वी तिच्या सासरचं गाव होतं. कुणाचाच दोष नाही, असं डॉक्टर म्हणाले. ते तिने फक्त ऐकून घेतलं.

आता तिच्या डाव्या हाताला मुंग्या येत होत्या. परवा चहाचा कप हातातून सुटला. न्हावा शेव्याला ट्रेलर चालवणारा नवरा म्हणाला, पावडरचं दूध चालू कर. ती नाही म्हणाली.

"हात असाच सुन्न होत गेला तर एक दिवस बाळ सुटेल," ईश्वरीने स्पष्टच सांगितलं. "मान वर यायलाच हवी."

"कळतं मॅडम. होत नाही."

ईश्वरीने खूप विचार केला होता. चालण्याची ढब दाखवायला कोपऱ्यात एक उंच आरसा होता. तो तिने ढकलत आणून केयूरला पाजत बसलेल्या जयमालासमोर उभा केला.

"ताई, यात बघा. बाळ दिसतंय ना? नजर त्याच्यावरच ठेवा. फक्त मान वर."

जयमालाची मान वर आली, गंजलेलं दार उघडावं तशी. आरशात केयूरचे गाल हलत होते. खांदे मागे गेले. आरशातल्या बाईकडे ती ओळख विसरल्यासारखी बघत राहिली.

"पितोय," ती म्हणाली.

"पितोय ना? मग?"

बाळाने स्तन सोडला, तोंड वळवलं आणि आरशात बघून तो हसला.

तेवढ्यात पडदा सरकला. सासू बायजाबाई बाहेर बाकड्यावर बसलेली असे. बाळाचा आवाज ऐकून आत आली होती. तिने खांद्यावरचं लुगड्याचं फडकं ओढलं आणि आरशावर टाकलं. फडकं घसरलं. तिने परत टाकलं.

"दात येवस्तोवर पोराला आरसा दावत नाय, बाय. तुला कोनी सांगलं नाय?" मग सुनेकडे न बघता म्हणाली, "पयलीला हिनंच दावला व्हता. काजल लावून, कवतिकानं."

हे जयमालाने कधी सांगितलं नव्हतं.

"आजी, आरशाने काही होत नाही," ईश्वरी म्हणाली.

"मंग कशानं झालं?" म्हातारीच्या आवाजात राग नव्हता. "सांग ना. डाक्टरला इचारलं, तो पन सांगत नाय. कायतरी झालं आसंल का नाय?"

ईश्वरीने जयमालाकडे पाहिलं. ताई, तुम्ही आत्ता जमवलंत, असं काहीतरी तिला म्हणायचं होतं. पण फडक्याखाली आरसा नुसता एक उंच आकार होऊन उभा होता आणि जयमालाची मान पुन्हा खाली गेली होती. ती केयूरच्या छातीकडे बघत होती. छाती वर येत होती, खाली जात होती.

तिने पदर सारखा केला. बाळाला डाव्या हातावर घेतलं, त्याच सुन्न हातावर, आणि उजव्या हाताने तो हात घट्ट धरला. उशी टेबलावर तशीच राहिली. सासूने चपला पुढे सरकवल्या. त्या जयमालाने न बघता पायात घातल्या, आणि बाळावरची नजर न काढता ती बाहेर पडली.