आकारामची भिंत

कवठे महांकाळच्या अंगाला आमचं गाव. तितं पयला मॅट्रिक झाला तो आमचा आकाराम, माझा धाकटा भाऊ. हे मी फुशारकीनं सांगत न्हाई, आन् सांगितलं तरी मला हक्क हाय. बाप वारल्यावर त्येला मी वाढवला. मी सोता चौथीतनं शाळा सोडली, पर लढाईवर गेलो, बर्म्याच्या अंगाला चार वर्सं काढली आन् छातीवर बिल्लं लावून परत आलो. गाव मला नाथाजी हवालदार म्हनतं. पारावर टेकलो की पोरं गोळा व्हायची. "हवालदार, जपान्याची गोष्ट सांगा." मी सांगायचो. एका बारीला सात जपानी मारलं, दुसऱ्या बारीला अकरा. कुनी मोजत न्हवतं. डोक्याला तांबडा पटका, तो मी घरातबी काढायचो न्हाई.

आकाराम माझ्या उलटा. बोलायचा कमी. त्येची एक खोड हुती. वाटंत सुटा दगूड दिसला की उचलायचा, उलटापालटा करून बघायचा आन् जवळच्या बांधात आसा बसवायचा की जनू जल्मापास्नं तितंच हुता. आय म्हनायची, "माज्या पोटी गवंडी आला बाई." मी म्हनायचो, "गवंडी न्हाई, सायब हुनार हाय त्यो."

सत्तेचाळीस साली तो मॅट्रिक झाला. मास्तर म्हनलं, साताऱ्याला नवं कॉलेज निघालंय, गरिबाच्या पोरांची सोय हाय. मास्तर पुढंबी कायतरी सांगत हुतं, पर 'कॉलेज' ऐकलं आन् मी पारावर पोचलो. चार दिसात कवठ्याच्या बाजारापातूर बातमी गेली. आकाराम वळकटी घिऊन गेला. आयनं धपाटी बांधून दिली.

त्येची पत्रं यायची. मी अक्षर जुळवत वाचायचो आन् आय चुलीम्होरं बसून ऐकायची. "सकाळी काम, दुपारी वर्ग. वसतिगृहाच्या खोल्या आम्हीच बांधतो. उत्तरेची भिंत माझ्याकडे आहे. लियाकत म्हणून मित्र झाला आहे, तो दगड घडवतो, मी लावतो." मला वाटलं, काम म्हंजे कागुदपत्राचं काम आसंल. भिंतीचं मी मनावर घेतलंच न्हाई. लिवायची एक तऱ्हा, म्हनलं.

दसऱ्याच्या आदी बघायला गेलो. खाकी कपडं घातलं, बिल्लं घासून लावलं, बरूबर लाडवाचा डबा. साताऱ्यात उतरून इचारत इचारत गेलो तर माळावर पोरांची रांग लागलेली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घमेलं, घमेल्यात चिखलाचा गारा. रांगंत तिसरा आमचा आकाराम. गुडघ्यापातूर चिखूल, आन् हसतोय. इतका हसताना मी त्येला कवा बघितला न्हवता.

"दादा! आलास व्हय! बघ की, ही आमची खोली. ही भिंत माजी!"

"घमेलं खाली टाक."

"आरं, गारा वाळंल. तेवढा वतून येतो."

"आत्ता. हितंच."

त्येचं हसू मावळलं. पर त्येनं घमेलं टाकलं न्हाई. वाकून हळूच खाली ठेवलं, गारा सांडू दिला न्हाई. एक काळंसं पोरगं छिन्नी हातात घिऊन म्होरं आलं. "आवं दादा, सावलीला बसा की. पानी आनतो." त्योच लियाकत.

मी म्हनलो, "मी तुजा दादाबिदा न्हवं. बाजूला हो."

एक मास्तर धोतर खोचून काम करत हुतं, ते आलं. म्हनलं, "हवालदारसाहेब, इथं सगळेच काम करतात. मीही करतो."

"तुमच्यात गडी नसतील. आमच्यात हायत," मी म्हनलो. आमच्यात गडी न्हवता. मीच नांगूर धरायचो.

आकाराम हळू आवाजात म्हनला, "दादा, चार दिस दे. चौकटीच्या वर भिंत गेली की येतो. अर्दी सोडून आलो तर पोरं काय म्हनतील?"

"पोरं काय म्हनतील! हवालदाराचा भाऊ कॉलेजात घमेली वाहतो, म्हंजे गाव काय म्हनंल ते बघ."

त्येनं वळकटी बांधली. मोटारीत कराडपातूर नखातला वाळका चिखूल काढत बसला हुता. लाडवाचा डबा उघडलाच न्हाई.

एक साल घरी गेलं. गावाला सांगितलं, साताऱ्याचं पानी मानवलं न्हाई. अठ्ठेचाळीसच्या जूनला त्येला सांगलीच्या कॉलेजात घातला, विश्रामबागंत. कॉलेज नावाजलेलं, झाडी दाट, वकील-डाक्टरांची पोरं. कोट शिवला, बूट घेतलं, पत्र्याची ट्रंक घेतली. बजावलं, "कामाला हात लावायचा न्हाई. कपडं धोबी धुईल. तू निस्ता शिक." तितल्या पोरांना सारा दीस हसाय-खेळायला कायतरी हुतं, कुनाला क्रिकेट, कुनाला नाटाक. आकारामला काय न्हवतं. आपलं 'हाय-न्हाई' ऐकून पोरं हसली, तसं त्येनं बोलनंच कमी केलं. हे मला मागनं कळलं. तवा इचारलं की एकच, "बरं हाय दादा."

दिवाळीला आला तवा मी त्येचं हात हातात घेतलं. लोन्यावानी मऊ. आयला हाक मारली, "आये, बघ, सायबाचं हात!" आयनं ते उलटं-सुलटं करून बघितलं आन् म्हनली, "ह्येला जेवान जात न्हाई का रं?"

दर म्हैन्याला मी सांगलीला जायचो, बिल्लं लावून. होस्टेलच्या अंगनात पोरं भवती जमायची. "काय हवालदार, आज किती जपानी?" मी रंगात यायचो. ती पोरं एकमेकाला कोपरानं डिवचत हुती, ते मला दिसायचं न्हाई. आकारामला दिसायचं. फाल्गुनात आसाच गेलो हुतो. तो बाजूला हुबा, हातात घडी घातलेला कागूद.

"दादा, एक सही पायजे हुती."

"थांब रं, ही टेकडीची गोष्ट सपू दे."

टेकडी सपली तर नदी निघाली. नदी सपली तवर गाडीची येळ झाली. मी म्हनलो, "कसली सही म्हनलास?" तो म्हनला, "ऱ्हाऊ दे. परत कवातरी." आन् कागूद खिशात घातला. त्येचा हात खिशातच ऱ्हायला, बाहीर काढलाच न्हाई, येवढं ध्यानात हाय.

चैत्रात तार आली. मुदतीचा ताप. तो धा दिस खोलीत निजून हुता, कुनाला बोलला न्हवता. मी पोचलो तवा त्येला मिरजंच्या दवाखान्यात न्हेलं हुतं. तापात त्येचं हात घोंगडीवर चालायचं. कायतरी उचलायचा, उलटापालटा करून बघायचा, आन् हळूच बसवायचा. मला बघवंना. मी दोनी मनगाटं धरून म्हनलो, "आक्या, गप पड." दुसऱ्या दिशी सकाळी हात आपनच गप झालं.

एकविसावं वरीस हुतं त्येचं.

त्येराव्यानंतर ट्रंक उघडली. कोट घडी न मोडता तसाच. तळाला साताऱ्याचा कागूद. कॉलेजात परत घ्यावं म्हनून आकारामनं लिवलं हुतं, त्येचं उत्तर. "जागा राखून ठेवली आहे. फक्त थोरल्या बंधूंची सही आणावी." खाली सहीची जागा, कोरी. घड्या पडून पडून कागूद मधी फाटाय आला हुता. दर म्हैन्याला मी जायचो, आन् दर म्हैन्याला त्यो खिशात तयार आसनार.

तो कागूद घिऊन मी साताऱ्याला गेलो. बिल्लं लावलं न्हाईत. लियाकत माळावरच गावला. मी सांगितलं. तो हाताला धरून मला खोलीकडं घिऊन गेला. खोली हुबी ऱ्हायली हुती, आत पोरं वाचत बसलेली.

"ही उत्तरंची," लियाकत म्हनला. "चौकटीपातूर आक्याची. वरची आमी केली. आमची वरची दोनदा ढासळली दादा. खालची हालली न्हाई."

मी म्हनलो, "मी त्येला घमेल्याखालनं वढून न्हेला."

"तो तुमच्यावर कवा रागावला न्हाई. उलट सांगायचा, माज्या दादानं लढाईत घमेली वाहिल्यात, मला कसली लाज?"

मी इचारलं, "त्येला कुनी सांगितलं?"

"कुनी न्हाई. तुमी परत आला तवा न्हाताना बघितलं म्हनं त्येनं. टाळूवरचं केस घासून गेलेलं. म्हनायचा, बंदूक काय टाळूवर ठेवत न्हाईत."

आता लिवतोच. मी रस्तं करनाऱ्या कंपनीत हुतो. आसामातनं बर्म्याकडं जानारा रस्ता, त्येची माती आन् खडी चार वर्सं डोक्यावर वाहिली. बंदूक हातात आली ती पाहाऱ्यापुरती. जपानी बघितला तो एकच, त्योबी मेलेला, पावसात पडलेला. पटका मी का काढत न्हाई, ते आयलाबी सांगितलं न्हवतं. आन् धा वर्सांनी धाकट्या पोरानं एका बघन्यात वळखलं, पारावर माझ्या गोष्टी ऐकत ऱ्हायला, आन् एका शब्दानं मला उघडं पाडलं न्हाई. साताऱ्यात मला बघून तो हसला तवा त्येला वाटलं आसंल, दादा खूश हुईल.

लियाकतकडनं टाक घेतला आन् त्या कागदावर सही केली. नाथाजी, सगळी अक्षरं सुटी सुटी.

लियाकत म्हनला, "आता कशाला दादा?"

"दप्तरात ठेवाय सांग. जागा राखली हुती ना."

मग भिंतीला हात लावला. एकएक दगूड आसा बसलेला की मधी नख जाईना.

पारावर पोरं अजून जमत्यात. "हवालदार, जपानी सांगा की." मी पटका काढून मांडीवर ठेवतो आन् म्हनतो, जपानी सपलं रं. साताऱ्याला माज्या भावानं एक भिंत बांधलीया. चौकटीपातूर. तसली भिंत आख्ख्या जिल्ह्यात दुसरी न्हाई, आन् ह्यातला एक शब्द मी वाढवून सांगत न्हाई.