काट्यावरचं कुंकू

सुमनअक्कामुळे मी पदवीधर झालो, घरातला पहिलाच. वजन उतरल्याशिवाय तिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन होणार नाही, म्हणून मी तिला मोबाइलला जोडलेला वजनकाटा पाठवला. तिचा आकडा मलाही दिसणार होता, पण आठवडाभर काहीच आलं नाही. व्हिडिओ कॉल केला, तर काट्यावर हळदकुंकू.

"पूजा केली, आता त्यावर पाय कसा देऊ? शिकलास ना एवढा?"

मला हसू आलं नाही. वस्तूंना इतकं जपणाऱ्या माणसांना आपलं शरीर जपायचं का सुचत नसेल?

मी तिला पत्र लिहिलं: "अक्का, शिलाई मशीनला हात जोडून तू तिच्या पायडलवर पाय द्यायचीस, म्हणून मी शिकलो. काट्यावरही तसाच दे. तुझा आकडा दिसला की मी माझा कळवतो. माझंही पोट सुटलंय."